उपवासाच्या दिवसांचे रिकामे चौकोन

पत्नीच्या शरीरात माझे मूत्रपिंड बसवले, त्यानंतर बूढ़ापारा मोहल्ल्यातल्या घरी स्वयंपाकघराच्या दारामागे मी गोळ्यांचा तक्ता लावला. सकाळी आठ, रात्री आठ. गोळी घेतली की ती पेन्सिलीने खूण करी.

"ही गोळी काहून घ्यायची असते वो?" तिने एकदाच विचारले होते.

मी बारावीच्या मुलांच्या जीवशास्त्राच्या वह्या तपासत होतो. "डॉक्टरांनी सांगितली म्हणून," एवढेच म्हणालो.

काही चौकोन रिकामे दिसत. खूण करायची राहिली असेल असे समजून ते मी लाल शाईने भरत गेलो. अपुरा तक्ता मला पाहवत नाही.

पुढे तिच्या पायांवर सूज आली. तपासणीत कळले की तिच्या शरीराने मूत्रपिंड नाकारले आहे. डॉक्टरांपुढे मी तो पूर्ण भरलेला तक्ता ठेवला. तीच हळूच म्हणाली, "उपवासाले नव्हती घेत मी. निर्जळी असते न, पाणी कसं प्यायचं? " तिने माझ्याकडे बोट केले. "यायची एकच किडनी राहिली, तिच्यासाठीच धरले होते उपवास."

नंतर डायलिसिसच्या खाटेजवळ बसून, कागदावर पेशी काढून मी तिला तो पाठ शिकवला. रक्तातल्या टी-पेशीच्या पृष्ठभागावर रिसेप्टर असतो. परका अवयव त्याने ओळखला की निरोप आत जातो आणि पेशीत कॅल्शियम वाढते. त्याने एक विकर, म्हणजे एन्झाइम, जागे होते. ते एका थोपवून धरलेल्या प्रथिनावरचे फॉस्फेट काढते. मोकळे झालेले प्रथिन केंद्रकात शिरते, डीएनएवर बसते, आणि हल्ल्याच्या जनुकांचे प्रतिलेखन, म्हणजे त्यांच्या आज्ञांची नक्कल उतरवणे, सुरू होते. गोळी त्या विकराला अडवते. तिचा अंमल ओसरला की वाट पुन्हा मोकळी.

तिने कागद बराच वेळ पाहिला. "म्हणजे माह्या पेशीले तुमी परके वाटले?"

"पेशीला तेवढेच कळते."

"पोट्ट्यायले खडूनं चित्र काढून सांगता. मी का नापास होणार होती?" ती हसली. मग म्हणाली, "कळलं असतं तर देवाले सांगून घोटभर पाणी पेली असती."

ती गेली त्याला आता वर्ष होईल. बारावीच्या वर्गात हा पाठ मी अजून शिकवतो. "गोळी का घ्यायची?" हा प्रश्न आता मीच विचारतो, आणि प्रत्येकाकडून उत्तर आल्याशिवाय पुढे जात नाही.

तक्ता दारामागे तसाच आहे. पेन्सिलीच्या खुणा पुसट होत चालल्या आहेत. लाल तेवढ्या स्पष्ट दिसतात.