बीसाठी राखलेला वाफा

"तुमच्या भाचीला जीभ हाय ना, तात्या? का साळंत ठेवून आली?"

माडांच्या वाडीत कामाला येणारी बाई, जिला आम्ही सगळे मावशी म्हणायचो, विहिरीपाशी मामाला विचारत होती. मी वाफ्यातल्या गवतामागे वाकून बसले होते, तिला दिसत नव्हते.

मामा हसला. "तिची जीभ इंग्रजी आहे. मराठी निघायला वेळ लागतो."

"मंग आता गाईला बी इंग्रजी शिकवा!"

मला राग यायला हवा होता. आलं हसू, आणि ते मी तिथेच गवतात लपवलं.

स्वातंत्र्याला आठ-नऊ वर्षं झाली असतील. मुंबईची कॉन्व्हेंट शाळा संपवून त्या हिवाळ्यात मी चौलला मामाकडे आले होते. शेतकी खात्याने त्याला बरसीमचं बी दिलं होतं. बरसीम म्हणजे क्लोव्हरचीच जात, तीन-तीन पानांची, गुरांसाठी. दोन वाण होते, एक पंजाबातला आणि एक मिसरचा, म्हणजे इजिप्तचा. कोणाचा चारा जास्त निघतो आणि कोणाचं बी, एवढंच खात्याला कळायला हवं होतं. माडांच्या सावलीबाहेर, विहिरीजवळच्या उघड्या जमिनीत दोन्हींचा एकेक वाफा केला होता. अर्धा वाफा दर महिन्याला कापून तोलायचा. उरलेल्या अर्ध्याला विळा लावायचा नाही, तो बीसाठी. खात्याचं पत्रक इंग्रजीत होतं, म्हणून नोंदींची वही माझ्याकडे आली. मला ते काम आवडलं. वजनाच्या काट्याशी बोलावं लागत नाही.

पंजाबी वाण उंच वाढला, जाड दांड्यांचा. मिसरचा ठेंगणा, बारीक पानांचा, पण फुलं त्याला आधी आली. पांढुरकी, गोंड्यांसारखी. मधमाश्या दिवसभर त्याच्यावरच असायच्या. मावशी भारा बांधून काट्याला लावायची, मी आकडा लिहायचे. घरी जाताना ती माझ्या वहीवर दोन बोरं ठेवायची आणि चालू लागायची. साऱ्या वाडीला ऐकू जाईल असं बोलणारी ती बाई, माझ्यापाशी मात्र गप्प असायची.

माघात गाय व्याली. मामा त्या दिवशी अलिबागला गेला होता. मावशीच्या घरची रीत अशी, की व्यालेल्या गाईच्या तोंडी पहिला हिरवा घास विळा न लागलेल्या गवताचा द्यायचा. वाडीत तसं गवत बीसाठी राखलेल्या अर्ध्या वाफ्यांतच उरलं होतं. मिसरचा पाला बारीक, म्हणून ती त्याच वाफ्याच्या कडेला उभी राहिली.

"बाय, एक कोपरा घेऊ? सूपभर होईल. जास्त न्हाय."

घ्यायचा नाही, हे मला ठाऊक होतं. त्या गोंड्यांत बी भरत होतं. पण गोठ्यात गाय वासराला चाटत होती, थकलेली, तरी थांबत नव्हती. 'नको' म्हणायचं धैर्य मला झालं नाही. खरं तर मला 'नको' म्हणायचंच नव्हतं. मी मान डोलावली. वहीत काहीच लिहिलं नाही.

संध्याकाळी मामा आला आणि पाय धुतानाच त्याला तो कोपरा दिसला.

"परवा साहेब बघायला येणार. बी कमी भरलं की हा वाण हलका म्हणून लिहिला जाईल! कोणाला विचारून कापलंस?"

मावशीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "कोनाला इचारनार? मीच कापला."

"इतकी वर्षं येतेस, आणि एवढंही कळू नये? उद्यापासून वाडीत येऊ नकोस."

"बरं." तिने कमरेचा विळा काढला आणि ओट्यावर ठेवला. तो मामाचा होता. "गाईला गुळाचं पानी द्या. थंड नको, कोमट."

मग रोजच्यासारखी ती माझ्यापाशी आली, वहीवर दोन बोरं ठेवली आणि वाडीच्या फाटकाकडे चालू लागली. बोरांना तिच्या मुठीची ऊब होती.

"मामा," मी म्हटलं, आणि माझाच आवाज मला परका वाटला. "तिने मला विचारलं होतं. हो म्हणणारी मी. कापलेला कोपरा मोजून मी वहीत वजा दाखवते, म्हणजे वाण हलका ठरणार नाही. तू आधी तिला थांबव."