बोटाची लाट

थाळी माझ्या हातात आली नाही. माझ्या डोक्यावरून पलीकडे गेली.

खंडेनवमी होती. जळगावच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात त्या दिवशी लॅबमधल्या यंत्रांची पूजा असायची. सोल्डरिंगच्या बंदुका, मीटर, आणि मधोमध ऑसिलोस्कोप. विजेची लाट डोळ्यांना दाखवणारं ते एकच यंत्र आमच्याकडे चालू होतं. त्याला झेंडूचा हार. सगळी मुलं ओळीने हळदकुंकू वाहत होती. माझी पाळी आली. मी हात पुढे केला.

लॅब घेणारे सर हसून म्हणाले, "तू राहू दे. तुमच्यात हे नसतं ना."

आवाज चढलेला नव्हता. शिवी नव्हती. सर्वांना ते सभ्यच वाटलं असणार. मलाही क्षणभर वाटलं. आमच्या घरी पूजा नसते, हे खरंच होतं. पण पूजेनंतरही माझा हात त्या यंत्राला लागला नाही, तेव्हा कळलं की प्रश्न हळदकुंकवाचा नव्हता. प्रॅक्टिकलला मुलं बटणं फिरवायची. मी पुढे झाले की सर म्हणायचे, "तू राहू दे, बिघडेल. तू रीडिंग लिही. तुझं अक्षर छान आहे."

मी लिहायचे. गप्प. गप्प राहणं मी लहानपणीच शिकले होते. धुळ्यात माझे वडील, आबा, बस डेपोत फिटर. पोट मारून त्यांनी मला मिशनच्या इंग्रजी शाळेत घातलं. शाळेत मराठी बोललं की शिक्षा. वस्तीत इंग्रजी बोललं की, "आली मडम!" मग मी दोन्हीकडे तोंड मिटलं. कॉलेजात पहिल्याच तोंडी परीक्षेत सर म्हणाले होते, "इंग्रजी चांगलं आहे गं तुझं. बघून वाटत नाही." काय बघून, ते त्यांनी सांगितलं नाही. हजेरीपटावर माझ्या नावापुढे कंसात कोणता प्रवर्ग लिहिलाय ते वर्गाला पाठ होतं.

दुपारी मी हॉस्टेलजवळच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये पोरांना शिकवायचे. तिथल्या एका कॉम्प्युटरला साउंड कार्ड होतं, गाणी वाजवायला. कार्ड आवाज आत घेतं म्हणजे शेवटी काय घेतं? बदलणारा व्होल्टेजच. मग ते ऑसिलोस्कोपचं काम का करणार नाही? जुन्या हेडफोनची वायर कापली. व्होल्टेज कमी करायला दोन रेझिस्टर, कार्ड जळू नये म्हणून दोन डायोड. पिन कार्डात खोचली. आवाजाच्या लाटा दाखवणारा प्रोग्राम सुरू केला.

पडद्यावर सरळ रेघ. काहीच नाही. वायर सुटली की काय, म्हणून मी उघड्या टोकाला बोट लावलं.

लाट उठली.

भिंतीतल्या तारांची वीज, झटका न देता, हवेतूनच माझ्या अंगात उतरत होती आणि बोटातून पडद्यावर जात होती. ती प्रत्येकाच्याच अंगात उतरते. सरांच्याही. मी बोट काढलं, रेघ. लावलं, लाट. किती वेळ तेच करत बसले. मला रडू येत होतं आणि समोर पोरं होती.

शेवटच्या वर्षी हाच प्रोजेक्ट मी सरांना दाखवला. त्यांना आवडला. फार आवडला. म्हणाले, "हा शिरीषच्या नावाने जाऊ दे. तू त्याच्या ग्रुपमध्ये. तू बोलत नाहीस, बाहेरच्या परीक्षकांसमोर अडखळशील. पास होशील, काळजी करू नकोस."

शिरीष वर्गात पहिला. तो खाली बघत राहिला. नाही म्हणाला नाही.

रविवारी धुळ्याला जाऊन घरी सांगितलं. आबा बराच वेळ हात पुसत राहिले. ग्रीस केव्हाच निघालं होतं. मग म्हणाले, "डिग्री लई ले बेटा. मंग बोल."

आई चुलीपाशी होती. वळलीही नाही. "बठ्ठा असंच सांगतस. आज नको, मंग. हाऊ मंग कव्हा येस?"

सगळे म्हणतात ते ‘मग’ कधी येतं, हा तिचा प्रश्न सोबत घेऊन मी निघाले. जळगावला परतले आणि शिरीषला सगळं समजावून दिलं. कार्ड कुठे चुकतं तेही. चौकोनी लाट दिली की तिचा सपाट माथा उतरता दिसतो, कारण कार्ड स्थिर व्होल्टेज धरून ठेवत नाही.

परीक्षेचा दिवस. सर म्हणाले, "शिरीष, बोल. तू वायर धर गं."

मी वायर धरली. शिरीष छान बोलला. परीक्षकांनी चौकोनी लाट मागितली. पडद्यावर आली, उतरत्या माथ्याची. परीक्षकांच्या भुवया वर गेल्या. शिरीषला कारण माहीत होतं. त्याने सरांकडे पाहिलं. सर हसले. "हिचा हात हलला असेल, सर. नीट धरता येत नाही हिला."

मी म्हणाले, "हात हलला नाही. दोष कार्डाचा आहे, आणि तो मी शोधलाय. हा प्रोजेक्ट माझा आहे."

परीक्षकांनी घड्याळ पाहिलं. "हे तुमचं तुम्ही आपसात मिटवा."

"सॉरी म्हण," सर म्हणाले. "म्हण आणि धर वायर."

मी पिन उपटली. वायर गुंडाळून पर्समध्ये टाकली आणि बाहेर आले. माझ्यामागे कोणी आलं नाही.

शिरीष पास झाला. प्रोजेक्टमध्ये मी नापास. आबा माझ्याशी नीट बोलत नाहीत. आई बोलते, पण तिचंही घर त्याच वस्तीत आहे, तिलाही विचारणारे खूप आहेत. पुढच्या वर्षी पुन्हा तीच लॅब, तेच सर. दुसरं कॉलेज नाही, दुसरा रस्ता नाही. आत जायला दार एकच आहे, आणि त्याची किल्ली सरांकडे आहे.

मी जाणार आहे. तोच विषय घेऊन, तीच वायर घेऊन. सर म्हणतील, तू राहू दे. मी राहू देणार नाही. पुन्हा नापास केलं तर पुन्हा येईन. त्या प्रोजेक्टवर नाव एकच असेल, आणि परीक्षकांसमोर सगळ्यात आधी मी वायरच्या उघड्या टोकाला माझं बोट लावीन.