वसई ते जव्हार, पोलिसांनी काढून टाकलेल्या जीपने

आमची जीप चाळीसेक किलोमीटर चालली की बंद पडते. हे माहीत असूनही जानेवारीतल्या एका शनिवारी आम्ही ती घेऊन जव्हारला निघालो. जव्हार वसईहून साधारण शंभर किलोमीटर. म्हणजे जाताना दोनदा बंद पडणार आणि येताना दोनदा, असा हिशेब धरून मी थर्मासमध्ये चहा जास्त घेतला.

आधी जीपबद्दल सांगते, कारण या ब्लॉगवर त्याचीच विचारणा सगळ्यात जास्त होते. माझा नवरा बेनी याचं वालीवला लेथचं छोटं वर्कशॉप आहे. मी शाळेत मराठी शिकवते. चार वर्षांपूर्वी बेनी पोलिसांच्या जुन्या गाड्यांच्या लिलावाला एका मित्राला सोबत म्हणून गेला आणि जीप घेऊन आला. मित्राने काही घेतलं नाही. पंधरा वर्षं झालेली सरकारी गाडी आता थेट भंगारात जाते, पण आमची दहाव्या वर्षीच लिलावात आली होती. शेरा होता, 'वारंवार बंद पडते'. बेनीच्या मते हा शेरा प्रामाणिक असल्यामुळे गाडीवर विश्वास ठेवायला हरकत नव्हती.

घ्यायचा विचार असेल तर लक्षात ठेवा. दिवा, सायरन, पट्टे, 'पोलीस' ही अक्षरं, सगळं काढावं लागतं. रंग बदललात तर आरटीओत जाऊन नोंद करून घ्या. आम्ही बिस्किटासारखा रंग दिला. मागच्या खिडक्यांची जाळी मात्र ठेवली, कारण आमच्या वाडीतली केळी बाजारात नेताना घड बाहेर येत नाहीत. त्या जाळीमुळे आणि टपावरच्या दिव्याच्या बुजवलेल्या भोकांमुळे लोक ओळखतातच. तुळिंजच्या बाजारात आम्ही शिरलो की हातगाड्या आपोआप दोन फूट मागे जातात. बेनी सुरुवातीला खिडकीतून हात जोडून 'आम्ही पोलीस नाही' असं सांगायचा. त्यावर एक भाजीवाली म्हणाली, "साध्या कपड्यातले असेच सांगतात." तेव्हापासून तो सांगत नाही.

देखभाल फार जड नाही. स्प्रिंगचे पाटे एकदा बदलले, क्लच एकदा. सुटे भाग वालीवमध्येच मिळतात. प्रश्न फक्त बंद पडण्याचा. घरापासून वर्कशॉप, वर्कशॉपपासून बाजार, असं फिरताना काही होत नाही. लांब गेलं की इंजिन दोन-तीन आचके देतं आणि थांबतं. दहा मिनिटं बसून राहिलं की पुन्हा चालू. फिल्टर झाले, पंप झाला, नळ्या झाल्या. वालीवचे आमचे मेकॅनिक इरफानभाई जीपखालून बाहेर आले, हात पुसले आणि म्हणाले, "बेनीभाई, आता एकच राहिलं. जिसने चलाया है, उसको पूछो."

बेनीचा एक वर्गमित्र पोलीस खात्यातून निवृत्त झालाय. त्याने चार-पाच फोन करून नाव काढलं. काशिनाथ भोये, हवालदार, चालक. ही जीप त्यांनी आठ वर्षं चालवली होती. आता निवृत्त, जव्हारच्या अलीकडे एका पाड्यावर राहतात. बेनीने फोन केला, जीपचा जुना नंबर सांगितला. पलीकडून त्यांनी आधी तो नंबर पुन्हा म्हणून बघितला. मग, "चालू आहे?" असा प्रश्न. बेनी म्हणाला, "अधूनमधून." ते म्हणाले, "घेऊन या."

सकाळी सहाला निघालो. वसई फाट्याला हायवे गाठेपर्यंत पाऊण तास गेला. शनिवारी निघणार असाल तर साडेपाचला निघा. पुढे रस्ता काँक्रीटचा आणि चांगला, अवजड वाहनं खूप. एक ट्रकवाला उजव्या लेनमधून आमच्याकडे बघत बघत डावीकडे गेला आणि तिथेच राहिला. टोलनाक्यावर फास्टॅगचा आवाज होऊनही माणसाने उठून सलाम केला. बेनीने मान हलवली. मी त्याला म्हटलं, मान तरी कशाला हलवतोस. तो म्हणाला, नाही हलवली तर त्याला वाईट वाटेल.

मनोरच्या अलीकडे दोन किलोमीटरवर आचके सुरू झाले आणि जीप थांबली. त्रेचाळीस किलोमीटर झाले होते. आम्ही चहा प्यायलो. मनोरला मिसळ खाल्ली, दोघांचे मिळून दोनशेच्या आत. मिसळ तिखट आहे, पाव ताजा. मग उजवीकडे विक्रमगडचा रस्ता. इथून पुढे गर्दी संपते, दोन्ही बाजूंना कापलेल्या भाताची खाचरं आणि मधे मधे मोहाची झाडं. विक्रमगडनंतर मोबाइलची रेंज जाते येते, तेव्हा फोन करायचे ते तिथेच करून घ्या. घाट फार मोठा नाही पण वळणं जवळजवळ आहेत. अर्ध्या चढावर जीप दुसऱ्यांदा थांबली. चाकांमागे दगड लावून आम्ही बसून राहिलो. एक मोटरसायकलवाला हेल्मेट नसल्यामुळे आम्हाला बघून वळला आणि खाली निघून गेला. त्याचा दिवस आमच्यामुळे लांबला असणार.

भोये हवालदार रस्त्यावरच उभे होते. साठी ओलांडलेला, सडपातळ, ताठ माणूस, इस्त्रीचा पांढरा शर्ट. डाव्या डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं, काळा चष्मा. त्यांनी आमच्याआधी जीपकडे बघितलं. बॉनेटवर हात ठेवला, भोवती एक फेरी मारली.

"रंग चांगला दिला," ते म्हणाले. "कुठं बंद पडली?"

"घाटात. दुसऱ्यांदा," बेनी म्हणाला.

"पहिल्यांदा मनोरला," आम्ही सांगायच्या आत तेच म्हणाले.

बेनी माझ्याकडे बघत राहिला.

त्यांनी डिझेलच्या टाकीचं झाकण फिरवलं. सुस्स असा मोठा आवाज झाला. तो आवाज आम्ही चार वर्षं प्रत्येक पेट्रोलपंपावर ऐकत होतो. आम्हाला वाटायचं, जुन्या गाड्या असं करतात. हवालदारांनी झाकण उलटं करून दाखवलं. आतल्या बाजूला हवा जायला एक बारीक भोक असतं, त्यात फटी बुजवायचा राखाडी लांबी-मसाला दगडासारखा घट्ट होऊन भरलेला होता.

"डिझेल कमी होतं, तेवढी हवा आत जायला पायजे," ते म्हणाले. "नाय गेली तर टाकी डिझेल सोडत नाय. इंजिन उपाशी मरतं. थांबलं की हळूहळू कुठून तरी जाते हवा, मग चालू. हे मी बुजवलं."

"तुम्ही?" बेनीने विचारलं. "का?"

"आधी जेवा," ते म्हणाले.

घरात त्यांच्या पत्नीने, सकूबाईंनी, नाचणीच्या भाकऱ्या, उडदाची डाळ आणि सुक्या जवळ्याची चटणी केली होती. मी जवळा वसईला आठवड्यातून दोनदा खाते, पण ही चटणी कशी केली ते विचारून घेतलं. भाजलेला लसूण जास्त घालतात आणि पाण्याचा थेंब नाही. जेवताना कोणी गाडीबद्दल बोललं नाही. हात धुतल्यावर हवालदार अंगणातल्या बाजेवर बसले आणि सांगायला लागले.

"पावसाळा होता. पलीकडच्या पाड्यावरून निरोप आला, बाई अडलीय. अॅम्ब्युलन्स दुसरीकडे गेलेली. साहेब म्हनाले, भोये, गाडी काढा. मागच्या बाकावर बाई, तिची सासू आनि एक दाई. पाऊस असा की काच पुसून उपयोग नाय. घाटात गाडी आचके द्यायला लागली. झाकनाचं रबर झिजलेलं, भोकातून पानी आत गेलं होतं टाकीत. फिल्टर काढला, पानी सोडलं, हवा काढली, पंप मारला. पंधरा मिनिटं गेली."

सकूबाई दारात उभ्या होत्या.

"बाई वाचली. पोर नाय."

मी म्हटलं, "काका, त्यात तुमचा काय दोष."

"डॉक्टर बी तेच म्हनाले. उशीर आधीच झालेला. पन पंधरा मिनिटं तर माझीच ना, बाई." शिक्षिका म्हणून ते मला बाई म्हणत होते. "दुसऱ्या दिवशी मसाला आनला आनि भोक बुजवलं. पानी कुठून जातं बघतो म्हटलं. मग कळलं, आता हवा बी जात नाय. तर मी दर तीस किलोमीटरला उतरायचो, झाकन उघडायचो, लावायचो. सगळे हसायचे. रिटायर झालो तेव्हा नव्या ड्रायव्हरला सांगायचं राहिलं."

सांगायचं राहिलं, की मुद्दाम सांगितलं नाही, हे मी विचारलं नाही. सकूबाई म्हणाल्या, "घरात बी सांगितलं नव्हतं. आज ऐकते."

त्या बाईला पुढे एक मुलगी झाली, हेही त्यांनीच सांगितलं. बाजारात भेटली की ती त्यांना दादा म्हणून हाक मारते, मुलीला पाया पडायला लावते. हवालदार मुलीला खाऊ देतात आणि लगेच पुढे जातात.

बेनी म्हणाला, "राहू द्या काका ते तसंच. आम्ही पण झाकण उघडत जाऊ. कळलं ना आता."

"नाय," हवालदार म्हणाले. "गाडी घाटात थांबायला नको."

त्यांनी सकूबाईंकडून गोधडी शिवायची जाड सुई मागितली आणि झाकण मांडीवर घेऊन मसाला कोरायला बसले. एका डोळ्याने नीट दिसत नव्हतं. बेनी दोनदा पुढे झाला, दोन्ही वेळा त्यांनी मान हलवली. अर्धा तास लागला. मग सायकलच्या जुन्या ट्यूबची एक कडी कापून त्यांनी झाकणाला नवं रबर बसवलं आणि भोकाला तोंड लावून फुंकर मारली. हवा गेली. त्यांनी ते झाकण बेनीच्या हातात दिलं नाही, स्वतः जाऊन टाकीला लावलं.

"एकदा घाटात नेऊन बघू," ते म्हणाले.

सकूबाईंनी सांगून टाकलं, गाडी चालवायची नाही, डॉक्टरांनी मना केलंय. ते निमूटपणे शेजारच्या सीटवर बसले. बेनी चालवत होता, मी मागच्या बाकावर. घाट उतरलो, खाली वळवली, परत चढायला लागलो. एका वळणावर ते म्हणाले, "इथं घ्या बाजूला."

तिथे काही नव्हतं. किलोमीटरचा दगड, त्याच्यामागे सागाची झाडं, खाली सुकलेला ओढा. ते उतरून दगडापाशी उभे राहिले. इंजिन चालूच होतं. बेनीने बंद करायला किल्लीकडे हात नेला तेव्हा त्यांनी तिकडूनच हाताने खूण केली, राहू दे. तीन-चार मिनिटं त्यांनी फक्त इंजिन ऐकलं. मग येऊन बसले, काळा चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "चला."

परत निघायला साडेतीन झाले. सकूबाईंनी जवळ्याची चटणी बांधून दिली, आम्ही वाडीतली केळी दिली. येताना तीस किलोमीटर झाले, चाळीस झाले, पन्नास झाले. मनोर गेलं. बेनी आणि मी एकमेकांशी बोलत नव्हतो, काही बोललो तर बंद पडेल असं दोघांनाही वाटत असावं. शेवटी त्याने स्वतःच जीप बाजूला घेतली आणि आम्ही उरलेला चहा प्यायलो, सवयीने. डिझेल जाऊन येऊन साधारण दोन हजारांचं लागलं. बाकी खर्च टोल आणि मिसळीचा.

सोमवारी बेनीने इरफानभाईंना सगळं सांगितलं. ते पंपाच्या पैशांबद्दल काहीतरी म्हणणार असं आम्हाला वाटलं होतं. त्यांनी विचारलं, "वो बच्ची कितने साल की है अभी?" बेनीला माहीत नव्हतं.

पोलिसांची जुनी गाडी घ्यावी का, असं विचारणाऱ्यांना मी आता इतकंच लिहिते. कागद बघा, चेसिसला गंज बघा, आणि जमलं तर ती ज्याने चालवली त्याला भेटून या. तो घरी असेल आणि त्याच्याकडे वेळ असेल. आम्ही जीप घेतली तेव्हा आम्हाला वाटलं होतं की आम्ही सरकारकडून घेतली.

पुढच्या रविवारी मिस्सा संपवून आम्ही चर्चच्या बाहेर पडत होतो तेव्हा बेनीचा फोन वाजला. भोये हवालदार होते.

"थांबली का कुठे?"

"नाही काका."

"बरं," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

त्यानंतर प्रत्येक रविवारी त्यांचा फोन येतो. प्रश्न तोच, उत्तर तेच. मागच्या आठवड्यात जीप घराबाहेर निघालीच नव्हती. बेनीने तेही सांगितलं. ते म्हणाले, "मग एक चक्कर मारून या आनि सांगा." आम्ही विरारच्या मनवेलपाड्यापर्यंत जाऊन आलो आणि त्यांना फोन केला.