स्वस्तातला हिमालय

नवी पेठेतल्या कापडदुकानात दिवसभर साड्या उलगडून दाखवणारा येडू तसा धोरणी गडी. पण या वर्षी त्याचं सगळं धोरण एकाच गोष्टीपाशी अडलं होतं. आबा जेवत नव्हते.

आबा म्हणजे त्याचे वडील, बिरप्पा. मंगळवेढ्याकडच्या माळावर जन्मभर मेंढरांमागं चाललेले. रानात एकटेच तापानं फणफणून पडले, तेव्हा येडूनं हट्टानं कळप विकायला लावला आणि त्यांना सोलापुरात आपल्या दोन खोल्यांत आणलं. तेव्हापासून ते दारापाशी भिंतीला टेकून बसत, बोलत नसत आणि अर्ध्या भाकरीवर ताट सारत. डॉक्टरांनी सगळं तपासून रोग काहीच नाही म्हणून सांगितलं. रोग असता तर औषध तरी आणता आलं असतं. म्हातारा डोळ्यांदेखत वाळत चालला होता.

एकदा येडूची बायको रुपाली मोबाइलवर हिमालयातल्या मेंढपाळांचा व्हिडिओ बघत होती. आबा सरकत जवळ आले आणि शेवटपर्यंत बघत राहिले.

"हितं जाता येतं का रं?" त्यांनी विचारलं. सोलापुरात आल्यापासून आपणहून विचारलेली ही पहिली गोष्ट.

झालं, येडूनं कंबर कसली. मनालीकडची आठवडाभराची पायी सहल ठरवली. तिचा खर्च ऐकून त्याचे डोळे पांढरे झाले, पण माघार घेईल तो येडू कसला! रेल्वे साधी स्लीपर, हमालाऐवजी ओझं आपल्याच पाठीवर, भाड्याच्या जाकिटाऐवजी मेव्हण्याचा स्वेटर, वाटेत खायला कडक भाकरी नि शेंगाचटणी. रुपाली तर स्वतःहूनच मागं राहिली. तरीही जमेना. शेवटी तिकडचा वाटाड्या अनिलकुमार फोनवर म्हणाला, दिवाळीनंतर या, निम्म्यात करतो. दुकानाचा मालकही दिवाळीआधी सोडणार नव्हताच. दोन्हीकडून जमलं म्हणून येडू भलताच खूश झाला.

सोलापुरात चढ आणायचा कुठून? तर आबा रेल्वेपुलाचे जिने चढायला लागले. रोज संध्याकाळी वर, खाली, पुन्हा वर. मग दुसरी भाकरी मागायला लागले. ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा येडू मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारत राहिला. त्याला रडू आवरत नव्हतं.

निघायच्या आदल्या दिवशी तो पिशवी भरत होता. घोंगडीच्या घडीत एक जुना लोखंडी चिमटा सापडला.

"आबा, ह्यो कशाला? उगं वजन."

"ऱ्हाऊ दे. काटा रुतला मंजी?"

"बूट हाईत की पायात."

"माज्या पायाचं न्हाय म्हनत. खुरात रुतला तर?"

येडूचा हात पिशवीतच राहिला. नुसतं चालायला कुणी डोंगरात जातं, हे आबांच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं. चालायचं ते मेंढरांमागं. कुणाच्या तरी कळपामागं आठ दिवस चालायला मिळणार, म्हणून हा माणूस जिने चढत होता, भाकरी खात होता.

येडूनं तिथंच अनिलकुमारला फोन लावला. एखादा कळप गाठून दे, लागेल ते देतो म्हणाला. अनिलकुमार हसला. हिंदीत म्हणाला, भाऊ, मेंढपाळ बर्फाआधीच खाली निघून गेले, आता कुठल्या कुठं पोचले असतील. म्हणून तर सगळं स्वस्त आहे.

कळप ऋतू बघून चालतो, हे येडूला धड चालता येत नव्हतं तेव्हापासून ठाऊक. आबांच्या खांद्यावर बसून शिकलेलं. मेल्या साड्यांच्या ढिगात कधी विसरला, त्याचं त्यालाच कळलं नव्हतं. आता खोटं बोलायचंही त्याच्या जिवावर आलं. त्यानं मान खाली घालून सगळं सांगितलं.

आबा रागावले नाहीत. "बराबर हाय की," ते म्हणाले. "थंडीचं जित्राब वर कोन ठेवंल?" मग चिमटा उचलून त्यांनी पोराकडं पाहिलं. "पन येडू, तुला ठावं न्हवतं व्हय रं?"

रुपालीनं ताटं वाढली. आबांनी अर्धी भाकरी खाल्ली आणि ताट सारलं.