अट्रॅक्टा गिलफेडरची हातोडी

अट्रॅक्टा गिलफेडर आमच्या गावात कुणाचीच लाडकी नव्हती, आणि तिला त्याचं काही वाटतही नव्हतं. भट्टीतून निघालेली प्रत्येक कपबशी, मातीची विणलेली प्रत्येक टोपली शेवटी तिच्या टेबलावर यायची. ती वस्तू दिव्यासमोर धरायची, टिचकी मारायची, कान लावायची. नाद स्वच्छ असला तर माल विक्रीला, नाहीतर मागच्या खोलीत हातोडी. दुय्यम माल विकायची आमच्या कारखान्याची रीतच नाही. आयर्लंडभर लोक आमची चिनी मातीची भांडी काचेच्या कपाटात मिरवतात ती याच भरवशावर. मागून खळ्ळकन आवाज आला की आमच्या माना खाली जायच्या. कुणाची तरी आठ दिवसांची मेहनत केरात गेलेली असायची.

मी तिथे टोपल्यांवरची मातीची फुलं वळायची. "अगं बाई, कधीतरी डोळेझाक कर की," असं मी तिला म्हणायची.

"डोळे झाकायचे तर मग पगार कशाचा घेऊ, डिंफ्ना?" हे तिचं ठरलेलं उत्तर.

माझी फुलं फुटली ते मी विसरले. माझ्या भावाचं, मॅलकीचं, नाही विसरले. आमच्याकडे पाच वर्षं उमेदवारी केली की पोरानं एकट्यानं एक टोपली विणायची, शेवयांएवढ्या बारीक मातीच्या दोऱ्यांची. ती पास झाली तरच विणकरांच्या बाकावर जागा. अठ्ठेचाळीस सालच्या फेब्रुवारीत मॅलकीची टोपली टेबलावर आली. अट्रॅक्टानं त्याला दिव्यापाशी बोलावलं, तळाशी भेग दिसते म्हणून बोट दाखवलं. तो होकारार्थी मान हलवून परत आला. पाठोपाठ मागच्या खोलीतून तो आवाज.

दुसऱ्याच दिवशी तो इंग्लंडच्या बोटीत बसला. कव्हेंट्रीत मोटारींचे नट आवळण्यात त्याचा जन्म चालला आहे. मातीला पुन्हा हात लावला नाही. आई असेपर्यंत तिला म्हणायचा, "माझ्या हातातच खोट आहे, आई." मी अट्रॅक्टाशी दोन वर्षं बोलले नाही. मग बोलायला लागले, कारण शेवटी तिचं चुकलं कुठे होतं?

गेल्या ऑक्टोबरात तिच्या घरी मिस्सेची, फादरांच्या प्रार्थनेची, पाळी आली. आमच्या आळीत ती वर्षातून दोनदा कुणा एकाच्या घरी होते, आणि पाळी आली की घराला रंग, दाराला रंग, शक्य असतं तर कोंबड्यांनाही दिला असता. मिस्सा झाली. फादर पुढच्या खोलीत अंडी आणि सोडा ब्रेड खात होते, बाकी आळी चहाची वाट बघत होती. कप कमी पडले म्हणून मी तिच्या झोपायच्या खोलीतलं कपाट उघडलं.

टेबलक्लॉथच्या घडीमागे एक टोपली होती. तिची वीण डावीकडे वळलेली होती.

आमच्या कारखान्यात डाव्या हातानं विणणारा एकच होऊन गेला, माझा मॅलकी. मी टोपली घेऊन पलंगावर बसले. अट्रॅक्टा दारात आली, तिनं टोपली पाहिली आणि दार लावून घेतलं.

"ही फुटली होती," मी म्हणाले. "मी आवाज ऐकलाय."

"फुटला तो माझा चहाचा कप होता." ती भिंतीला टेकली. "हातोडी उचलली, पण घाव घालवेना गं. इतकी सुरेख चीज माझ्या टेबलावर कधी आलीच नव्हती. ॲप्रनमध्ये गुंडाळून घरी आणली."

"चोरून."

"चोरून. रात्री कोमट पाण्यात धुतली. आणि भेग निघून गेली."

"म्हणजे?"

"भेग नव्हतीच. भट्टीतून माल पेंढ्यात गुंडाळून यायचा ना? त्यातलाच एक तंतू तळाला चिकटला होता. रेघ दिसली म्हणून त्या दिवशी मी टिचकीही मारली नव्हती."

बाहेर कुणीतरी हसलं. मला ओरडायचं होतं, पण घरात फादर बसलेले. मी टोपली उजेडात धरली, टिचकी मारली. असा नाद मी तीस वर्षांत ऐकला नव्हता.

"सकाळी बोट सुटायच्या आत सांगायचं होतंस!"

"काय सांगू? टोपली चोरली म्हणून? नोकरी गेली असती, माझी आई अंथरुणाला खिळलेली. आणि माझा डोळा एकदा चुकला हे कळल्यावर त्यावर पुन्हा कोण विश्वास ठेवणार होतं?"

"आणि माझा भाऊ?"

ती टेबलक्लॉथची घडी नीट करायला लागली. मी टोपली शालीत गुंडाळली आणि चहा न पिता सगळ्यांसमोरून निघून आले.

पोस्टातून कव्हेंट्रीला फोन लावला. टोपली कुठे सापडली, पेंढ्याचं काय झालं, सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "तुझ्या हातात खोट नव्हती रे, मॅलकी. त्या बाईनं तुझं वाटोळं केलं."

"तिला बोल लावू नकोस," तो म्हणाला. "तिनं मला दिव्यापाशी नेऊन विचारलं होतं, तुला काय दिसतं? अट्रॅक्टाला भेग दिसली म्हणजे असणारच, असं मला वाटलं. नीट पाहिलंही नाही गं मी. मीच म्हणालो, भेग आहे, फोड."