ढाप्यावर बसलेला माणूस

म्हसावदला आमची सेप्टिक टँक उपसायला येणारा टँकरवाला चहाला नाही म्हणतो आणि खेकसतच कामाला लागतो. "टायमावर उपसाले काय व्हस तुमले?"

यंदा तळाचा गाळ दगडासारखा घट्ट झाला होता, पाइपने ओढला जाईना. मी शेतावरच्या आमच्या सालदाराला सांगितलं, "जरा आत उतरून कुदळीने मोकळा कर."

तसा टँकरवाल्याने टाकीच्या तोंडावर ढापा धाडकन लावला आणि त्यावरच ठाण मांडलं. "आत गॅस शे. मानूस मरी जास. तुले घाई शे ना? मंग तूच उतर!"

माझ्याच अंगणात मला अरेतुरे! संतापून मी सालदाराकडे पाहिलं. त्याने सदरा काढून, नीट घडी करून पायरीवर ठेवलाही होता.