दचकणं मोजणारे सासरे

माणसाची खरी पारख त्याच्या दचकण्यावरून होते, असं मानणारा अख्ख्या वऱ्हाडात एकच गृहस्थ होता, आणि तो नेमका माझा सासरा निघाला! अकोल्याच्या एका शाळेत ते ड्रिल मास्तर. शर्यतीत पोरं शिट्टी ऐकून लवकर सुटतात की रुमाल पडताना पाहून, या प्रश्नानं त्यांना पछाडलं होतं. गळ्यात स्टॉपवॉच, खिशात फूटपट्टी. पट्टी ते वरून सोडत, समोरच्यानं बोटांत झेलायची; जितका उशीर, तितका माणूस मठ्ठ. दाराशी आलेला दूधवालासुद्धा पट्टी झेलल्याशिवाय सुटत नसे.

मी अमरावतीहून जठारपेठेत मुलगी बघायला गेलो, तेव्हा मला यातलं काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. पोह्यांची बशी हातात येते न येते तोच मास्तरांनी माझ्या बोटांमध्ये पट्टी धरली आणि न सांगता सोडून दिली. पट्टी थेट पोह्यांत! मी हबकलोच. आमचे वडील चमचा तोंडात तसाच ठेवून बघत राहिले.

"पोट्टा चांगला हाये," मास्तर हळहळले, "पन लई मठ्ठ. माह्या पोरीले असा नवरा चालन काय?"

मुलगी मला पाहताक्षणी आवडली होती हो! इतक्यात आत पितळी परात दणकन आदळली आणि मी खुर्चीतून उडालो. मास्तरांचा चेहरा खुलला. "अरे वा! डोयानं मठ्ठ, पन कानानं तयार हाये जावई!" लग्न ठरलं. परात कोणी पाडली हे विचारलं की बायको अजून नुसती हसते.

आणि लग्नात? मुलीचा बाप म्हणून रडायचं सोडून हा माणूस घड्याळ घेऊन उभा! मी 'सावधान' ऐकून हार घालतो की अंतरपाट सरकलेला पाहून, हे त्यांना मोजायचं होतं. भटजी मंगलाष्टक विसरले.

त्यांची तिसरी तऱ्हा स्पर्शाची. दिवाळीच्या फराळाआधी अख्खं घर डोळे मिटून, हात धरून गोल बसायचं. एकानं हात दाबला की दुसऱ्यानं पुढच्याचा दाबायचा, आणि दाब फिरून यायला किती वेळ लागला ते मास्तर घड्याळावर मोजायचे. "डोया फसवते, कान घाबरते. कातडी खोटं बोलत नाई," ते म्हणत.

काही वर्षांनी ते तापानं अंथरुणाला खिळले. वाचा गेली. मी डोळ्यांसमोर पट्टी सोडली, पापणी हलली नाही. बायकोनं परात आपटली, तरी काही नाही. मग तिनं त्यांचा डावा हात धरला, उजवा माझ्या हातात दिला, आणि आपल्या हातातला डावा दाबला. आम्ही थांबलो. खूप थांबलो. 'राहू दे' म्हणणार, तोच माझ्या तळव्यावर त्यांची बोटं मिटली.

"दाब आला! आला गं!" मी ओरडलोच.

"काहून इतका उशीर केला, बाबा?" ती रडत म्हणाली.

तेवढंच. ती बोटं पुन्हा मिटली नाहीत. स्टॉपवॉच उशाशीच होतं, पण ते सुरू करायचं आम्हा दोघांनाही सुचलं नव्हतं.